एका आण्याची गाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



तुम्ही रेडिओ ऐकणारी माणसं. गाणं कानांनी ऐकायचं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आज मी ज्या गाण्यांविषयी बोलणार आहे, ती एके काळी कागदावर विकत मिळायची. एक आणा, दोन आणे, पुढे चार आणे, आठ आणे. घडी घालून खिशात ठेवायची, घरी न्यायची आणि फाटेपर्यंत गायची.

मी वसईजवळ गिरीजला राहतो. आमच्या शेजारीच निर्मळ. कार्तिक वद्य एकादशीपासून तिथे मोठी जत्रा भरते. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांची पावलं तिकडे वळतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस, मी आठ-नऊ वर्षांचा असताना, त्या जत्रेत एक माणूस यायचा. खांद्याला कापडी पिशवी, हातात पातळ पुस्तकांची चळत. ना पेटी, ना डफ. भांड्यांच्या दुकानांपाशी उभा राहून तो खड्या आवाजात गायला लागायचा. माणसं गोळा झाली, गाण्यातली गोष्ट रंगात आली की नेमका तिथेच थांबायचा आणि म्हणायचा, "पुढचं पुस्तकात!" पुस्तकाची किंमत आठ आणे.

आमचे अब्बा ते पुस्तक दरवर्षी घेत. घरी आल्यावर कानावरची पेन्सिल काढून त्यातल्या चुका दुरुस्त करत. अब्बा गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवायचं काम. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांना खडा लागल्यासारखं व्हायचं. मला मात्र त्या पुस्तकातली एकच गोष्ट नवलाची वाटायची. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर, कंसात किंवा बारीक टायपात, दोन शब्द असायचे. 'चाल' आणि पुढे कुठल्या तरी दुसऱ्याच गाण्याचं नाव. खालच्या गाण्यावर नुसतंच 'चाल सदर', म्हणजे वर सांगितली तीच. मी एकदा विचारलं, "अब्बा, गाणं याचं आणि चाल दुसऱ्याची, ही चोरी नाही का?" अब्बा म्हणाले, "चोरी करणारा नाव लिहून ठेवतो होय रे?"

आजचं माझं बोलणं या 'चाल' नावाच्या ओळीविषयी आहे.

आधी ही वस्तू कशी तयार व्हायची ते सांगतो. डेमी कागदाचा एक ताव तीनदा दुमडला की सोळा पानं होतात. मधोमध दोन पिना मारल्या, कडा कापल्या की झालं पुस्तक. कव्हर म्हणून त्याच कागदाचं पहिलं पान, फार तर पिवळा किंवा गुलाबी कागद. गाणं संपून पानावर जागा उरली तर प्रेसमध्ये जो ठसा हाताशी असेल तो बसवायचा. मोर, समई, कमळ, काहीही. पोवाड्याच्या शेवटी समई आणि लावणीच्या शेवटीही तीच समई! काम एका-दोन दिवसांचं. म्हणून आज घडलेली गोष्ट आठवड्याच्या आत गाणं होऊन बाजारात येऊ शकायची. आणि कुठे तरी तळाशी मुद्रकाचं नाव आणि छापखान्याचा पत्ता. हे काही हौसेनं छापत नसत. १८६७ च्या कायद्यानं प्रत्येक छापील पुस्तकावर ते घालणं बंधनकारक केलं होतं. गाणं कुणी रचलं हे कधी कधी कळायचं नाही, पण कुठे छापलं हे सरकारला कळायलाच हवं होतं.

तुम्हाला वाटेल, हा आपल्याकडच्या गरिबीचा प्रकार. तसं नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात अशीच एकपानी गाणी रस्त्यावर विकली जात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अशा गाण्यांचे ४,२९१ कागद जपून ठेवलेले आहेत. १८६१ ते १८६५ या काळात तिथे यादवी युद्ध झालं. तेव्हा सैनिकांची, त्यांच्या आयांची, गुलामीची, लिंकनच्या बाजूची आणि विरुद्ध बाजूचीही गाणी न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाचे छापखाने धडाधड काढत होते. कडेनं वेलबुट्टी, मध्ये गाण्याचे शब्द. स्वरलिपी बहुधा नाहीच. तिच्या जागी एक ओळ, 'अमक्या गाण्याच्या चालीवर'! निर्मळच्या जत्रेतली आमची ओळच जणू.

पुढे तिथल्या कामगार संघटनेनं १९०९ मध्ये एक छोटं लाल गीतपुस्तक काढलं. त्यात गाणी लिहिणारा जो हिल हा स्वीडनहून आलेला मजूर. तो चर्चमधल्या प्रार्थनांच्या चाली उचलायचा आणि त्यात भुकेचे, संपाचे शब्द घालायचा. चौकात धर्मप्रचारकांचा बँड प्रार्थना वाजवायला लागला की मजूर त्याच बँडच्या साथीवर आपले शब्द गात. १९१५ मध्ये युटा राज्यात खुनाच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घालून मृत्युदंड दिला गेला. तो दोषी होता की नव्हता, हा वाद अजून मिटलेला नाही. गाणी मात्र राहिली, कारण चाली आधीच सगळ्यांच्या तोंडात होत्या.

आता आपल्या घराकडे वळू. पोवाडा आणि लावणी ही आपल्याकडे तोंडातोंडी चालत आलेली दौलत. पेशवाईतले होनाजी बाळा, राम जोशी, अनंतफंदी, प्रभाकर यांच्या रांगेत जेजुरीचे सगनभाऊ बसतात. जातीनं शिकलगार, धर्मानं मुसलमान. त्यांचं गाणं ऐकताना 'हा मराठी कसा काय लिहितो' असा प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. मला तो अजूनही विचारला जातो, म्हणून सांगतो.

छपाई आल्यावर ही तोंडची दौलत कागदावर उतरू लागली. जोतीराव फुल्यांनी शिवाजी महाराजांवरचा पोवाडा १८६९ मध्ये छापून काढला. सामान्य माणसाशी बोलायचं तर पोवाड्यातून, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. १८९१ मध्ये ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. हे ॲकवर्थ म्हणजे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर, वडाळ्याचं कुष्ठरोग रुग्णालय ज्यांच्या नावानं ओळखलं जातं तेच. गोंधळ्यांच्या तोंडून उतरवून घेतले नसते तर त्यातले किती तरी पोवाडे आज आपल्याला मिळाले नसते.

आणि या पातळ पुस्तकांची ताकद किती? १९०९ मध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कशासाठी? राज्याविरुद्ध चिथावणी देणाऱ्या कवितांची एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली म्हणून. कविता कवी गोविंदांच्या. चार-दोन पानांच्या गाण्यांना जन्मठेप! सरकारला तोफेपेक्षा गळ्याची भीती जास्त वाटत असावी.

गणेशोत्सवातले मेळे आपल्या पदांची पुस्तकं छापत. सत्यशोधक जलशांनी खेड्यापाड्यांत फुल्यांचा विचार नेला. त्यांच्यामागून भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे आले. आणि मग वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा, १९२२ मध्ये जन्मलेला हा माणूस. विशीपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. अशा माणसाची गाणी छापली गेली आणि लाखो लोकांच्या ओठांवर बसली.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. ज्याला वाचता येत नाही, तो छापील गाणं विकत का घेतो? आम्ही शहाणीसुरती माणसं समजतो, छापील कागद म्हणजे वाचणाऱ्याचा. पण चाळीत, वाडीत तसं नव्हतं. चौथी-पाचवीतलं एखादं पोर ओळ वाचायचं आणि भोवतीची दहा माणसं ती उचलायची. ती उचलता यायची, कारण चाल त्यांना आधीच येत होती. सिनेमातली म्हणा, भजनातली म्हणा, जात्यावरची म्हणा. शब्द नवे, वाट जुनी. 'चाल' ही ओळ म्हणजे निरक्षर माणसासाठी उघडं ठेवलेलं दार होतं.

अब्बा मूळचे बार्शीचे. सोळाव्या वर्षी, १९५४ मध्ये, मुंबईला आले आणि छापखान्यात लागले. शाई पुसायची, वापरलेले खिळे परत खणांत टाकायचे, हे पहिलं काम. दीड-दोन वर्षांत संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. पुढच्या जानेवारीत तर मुंबईच्या रस्त्यांवर रक्त सांडलं. या लढ्यात शंभरावर माणसं गेली. त्या दिवसांत सभेच्या आधी शाहीर आणि सभेच्या नंतर शाहीर. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर. १९४४ मध्ये या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. अण्णा भाऊंची 'मुंबईची लावणी' कामगारांना पाठ होती. माइक बंद पडला तरी अमर शेखांचा आवाज मैदानाच्या टोकाला पोचतो, असं अब्बा सांगायचे.

अमर शेख हे नाव उच्चारताना अब्बांचा चेहरा बदलायचा. कारण ते बार्शीचे. खरं नाव मेहबूब हुसेन पटेल. गिरणीत आणि मोटारीवर राबलेला माणूस. छापखान्यात रात्रपाळीला आंदोलनाची पत्रकं, गाणी जुळवायला आली की अब्बा ती गुणगुणत जुळवायचे. त्यांचं म्हणणं, चालीत जुळवलं की खिळा चुकत नाही. ओळीत एखादं अक्षर जास्त झालं की बोट आपोआप अडतं. मी पुढे बी.ए.ला वृत्तं आणि मात्रा शिकलो, कविता लिहायला लागलो. पण मात्रा म्हणजे काय हे मला पहिल्यांदा कळलं ते अब्बा कंपोझिंग स्टिकवर नखानं ठेका धरायचे, तेव्हा.

१९७१ मध्ये अब्बांनी गिरीजला एका ख्रिस्ती शेतकऱ्याच्या वाडीत खोली भाड्यानं घेतली. रोज एसटीनं वसई रोड आणि तिथून लोकलनं चर्नी रोड. त्यांच्या डब्यात एक भजनी मंडळ होतं. टाळ, सीटच्या फळीवर धरलेला ठेका आणि सिनेमांच्या चालींवर रचलेली भजनं. पश्चिम रेल्वेनं जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. अब्बा कोपऱ्यात उभे राहून ऐकायचे. पुढे मंडळाच्या बुवांना कळलं की हे चाचा छापखान्यात आहेत. मग मंडळाचं भजनांचं पुस्तक अब्बांनीच जुळवलं. मालकाची परवानगी घेऊन, कामाचे तास संपल्यावर. सोळा पानं. प्रत्येक भजनावर 'चाल' आणि सिनेमातल्या गाण्याचं नाव. त्यातली कितीतरी गाणी नौशादांनी बांधलेली, साहिरनं, शकीलनं लिहिलेली, रफीनं गायलेली. विठ्ठलाच्या पायाशी ही नावं कुणाला खुपली नाहीत. खुपायचं कारणही नव्हतं.

मग १९९२ चा डिसेंबर आला आणि १९९३ चा जानेवारी. मुंबईत काय झालं ते मी सांगायला नको. अब्बा पंधरा दिवस घरी बसले. कामावर जायला लागल्यावर त्यांनी डबा बदलला. भजनाच्या डब्यात गेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "गर्दी असते तिकडे." गर्दी तर सगळ्याच डब्यांत होती.

महिनाभरानं एका रविवारी बुवा गिरीजला आमच्या दारात उभे. हातात पुस्तक. दुसरी आवृत्ती काढायची होती. चहा झाला, पण दंगलीचा विषय कुणीच काढला नाही. बुवांनी पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "चाचा, सातव्या भजनावर चाल चुकलीये. शब्द बसत नाहीत. आमच्यापैकी कुणाला सापडेना." अब्बांनी चष्मा लावला. टेबलावर नखानं ठेका धरून एक ओळ म्हणून पाहिली, मग दुसरी. म्हणाले, "बुवा, दोन मात्रा जास्त होतात. चाल ही नव्हेच." आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांनी छापलेलं नाव खोडलं, बाजूला बरोबर नाव लिहिलं. बुवांनी ते म्हणून पाहिलं, मान डोलावली. निघताना एवढंच म्हणाले, "उद्या डब्यात याल तेव्हा सगळ्यांना म्हणून दाखवा."

दुसऱ्या दिवशी अब्बा जुन्या डब्यात गेले.

श्रोतेहो, या गोष्टीनं दंगलीत गेलेली माणसं परत येत नाहीत, हे मला कळतं. चालीला धर्म नसतो, असं टाळीचं वाक्यही मला म्हणायचं नाही. एवढंच म्हणायचंय की, कोण कुणाचं ऐकत होतं याचा लेखी पुरावा त्या बारीक टायपातल्या ओळीत आहे. इतिहासाच्या पुस्तकात राजांचे तह असतात. गल्लीतल्या माणसांनी एकमेकांशी केलेले तह या ओळींत सापडतात.

आणि आता माझा गुन्हा सांगतो.

अब्बा १९९८ मध्ये गेले. त्यांच्या ट्रंकेत या पुस्तकांचा, पत्रकांचा गठ्ठा होता. जत्रेतली, सिनेमांची, आंदोलनाची, भजनांची. चाळीसेक वर्षांचा साठा. पुढच्या वर्षी घराला रंग काढला तेव्हा तो गठ्ठा मी रद्दीत घातला. सहा किलो भरला. तोवर माझा पहिला कवितासंग्रह आला होता. घरात पुस्तकांचं कपाट होतं. पण ज्यांना पाठकणा नाही, ज्यांच्यावर कवीचं नाव धड नाही, सिनेमाच्या चालीवर रचलेलं जे, ते मी कविता मानत नव्हतो. मला मात्रा शिकवणारी पुस्तकं मीच तराजूत घातली.

माझ्यासारखेच सगळे वागले असणार. वाचनालयं अशी पुस्तकं फारशी ठेवत नसत. कपाटात ती उभी राहत नाहीत, दोन वाचनांत पिना निघतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशनाची प्रत ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते. पण जत्रेत विकायच्या पुस्तकाची प्रत टपालानं पाठवायला कोण बसलंय? गंमत अशी की, इंग्रज सरकारनं जप्त केलेली गाणी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नीट सांभाळलेली आहेत. सरकारला खुपलेलं गाणं जपलं गेलं. लोकांना आवडलेलं गाणं हाताळून हाताळून फाटून गेलं.

तरी ही परंपरा संपली असं कुणी समजू नये. सहा डिसेंबरला दादरला जा. शिवाजी पार्कात पुस्तकांच्या शेकडो स्टॉल्सवर भीमगीतांची पातळ पुस्तकं आजही मिळतात. पंढरपूरला देवळाच्या वाटेवर अभंगांची, हरिपाठाची छोटी पुस्तकं मिळतात. ज्याच्या हातात मोबाइल आहे, तोही ती विकत घेतो. कारण मोबाइलवर गाणं ऐकता येतं, पण चारचौघांत बसून गायचं तर समोर शब्द लागतात.

अम्मांच्या शेवयांच्या डब्याखाली, तळाला घातलेला एक कागद मला पुढे सापडला. नीट पाहिलं, तर ते भजनी मंडळाचं पुस्तक. सातव्या भजनावर अब्बांची पेन्सिल आहे. शेवटच्या पानावर मुद्रकाचं नाव आहे, मंडळाचं आहे, बुवांचं आहे. खिळे जुळवणाऱ्याचं नाव कधीच नसतं, तसं तिथेही नाही. फक्त ते पेन्सिलीतले दोन शब्द.

त्याच पुस्तकात शेवटच्या भजनावरची 'चाल' वाळवीनं खाल्ली आहे. 'चाल' आणि पुढे भोक. शब्द पूर्ण आहेत, पण ते कसे गायचे हे मला कळत नाही. बुवाही आता नाहीत. वसई-विरारच्या दोन-तीन जुन्या भजनी मंडळींना मी ते दाखवलं. प्रत्येकानं वेगळी चाल लावून पाहिली. एकही बसली नाही. कुठे दोन मात्रा कमी पडतात, कुठे दोन जास्त होतात.

म्हणून एक विनंती करतो आणि थांबतो. दिवाळीची साफसफाई कराल तेव्हा रद्दीच्या गठ्ठ्यात एकदा हात घाला. असं एखादं पातळ पुस्तक निघालं तर त्यावर पेन्सिलीनं लिहा, कुठे घेतलं, केव्हा घेतलं, घरात कोण गायचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबईचं १८९८ पासून. तिथे किंवा तुमच्या गावच्या वाचनालयात नेऊन दाखवा, ठेवून घ्या म्हणून सांगा. आणि घरात एखादी आजी, एखादा आजोबा असेल, तर पुस्तक त्यांच्या हातात देऊन म्हणा, "जरा गाऊन दाखवा." तेवढं मोबाइलवर उतरवून घ्या. शब्द कागदावर राहतील. चाल मात्र माणसाबरोबर जाते.